तिसरा गिअर माझ्याकडे

आमच्या गाडीला चार गिअर होते आणि त्यांतला तिसरा माझा होता. बाकीचे तीन बाबांचे. तिसराही टाकायचे बाबाच, पण टाकला की तो तिथे टिकायचा नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय जरा हलका झाला की दांडा खट्टकन मागे यायचा, इंजिन मोकळंच ओरडायला लागायचं आणि गाडी रुसून हळू व्हायची. म्हणून तो दांडा कुणीतरी हातानं पुढे दाबून धरून ठेवायचा. ते कुणीतरी म्हणजे मी. वयाच्या सहाव्या वर्षापासून सतराव्यापर्यंत, तब्बल अकरा वर्षं मी हे काम केलं, आणि खरं सांगते, पुढे नोकरीसुद्धा इतकी मन लावून केली नाही. आमच्याकडचे तेव्हाचे रस्ते असे की चौथा गिअर सणासुदीलाच लागायचा. पहिला-दुसरा निघण्यापुरते. दिवसभराचा सगळा कारभार तिसऱ्यावर. गाडी डॉक्टरसाहेब चालवतात असं लोक म्हणायचे, पण मला विचाराल तर ती आम्ही दोघं मिळून चालवायचो.

बाबा गुरांचे डॉक्टर. तरुणपणी कुठल्याशा गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टीच्या कामाला होते, तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली सगळं शिकले आणि मग गावी येऊन धानाची शेती आणि गुरांची दवा दोन्ही धरून बसले. आमचं गाव आमगावच्या पलीकडे, तळ्याच्या पाळीला टेकलेलं. गाडी त्यांनी एका माणसांच्या डॉक्टरकडून घेतली होती. ते डॉक्टर म्हातारे होऊन मुलाकडे निघून गेले आणि गाडी माणसांकडून गुरांकडे आली. मळकट साईच्या रंगाची, आत फिनाईल, गोठा आणि तापलेलं रेक्झिन असा मिळून एक वास. मला तो वास आजही आला तर भूक लागते, कारण डबा त्याच वासात खायचो. चालताना खालून घूंऽऽ असा एक सूर सतत यायचा आणि गाव ओळखायचं, डॉक्टर आला. समोरच्या खणात सुया, दोऱ्या, कॅल्शियमची बाटली, आणि एक चपटी पत्र्याची तंबाखूची डबी. बाबा तंबाखू खायचे नाहीत. डबीत बोटाच्या पेराएवढी एक स्प्रिंग होती आणि वाटाण्याएवढी पोलादाची एक गोळी. लहानपणी मी ती गोळी तळहातावर घोळवत बसायचे.

"हात लावजो नोको, औषध आहे ते," बाबा म्हणायचे.

"कोणाचं?"

"गाडीचं."

"मंग गाडीले काऊन देत नाई?"

"अजून तेवढं दुखणं वाढलं नाई तिचं."

हे मला पूर्ण पटायचं. आमच्याकडे म्हशीलासुद्धा सुई लगेच टोचत नसत.

हे काम माझ्याकडे आलं कसं, तेही सांगून टाकते. तिसरा पहिल्यांदा सुटायला लागला तेव्हा मायनं एकदा धरून पाहिला. आमगावच्या बाजारापर्यंत गेली आणि उतरल्यावर म्हणाली, "मी बाजाराले आलो का गाडी ढकलाले?" आमच्याकडच्या बायका 'मी आलो' असंच म्हणतात, त्यात हसण्यासारखं काही नाही. त्यानंतर तिनं पुढच्या सीटचं नाव घेतलं नाही. मग माझा मोठा भाऊ मनोहर. त्याला गाडी लागायची. पुढे बसवला की तिसऱ्या मैलाला तिसरा गिअर सोडून तो दोन्ही हातांनी तोंड धरायचा, आणि बाबांना गाडी, गिअर आणि मनोहर असं तिघांना एकदम सांभाळावं लागायचं. तिसरी पाळी माझी. माझे पाय सीटवरून खाली पोचत नव्हते, पण मी दोन्ही हातांनी दांडा असा दाबून धरला की बाबा खूश झाले. "सोडजो नोको बाई," म्हणाले. मी घरी पोचून गाडी बंद झाल्यावरसुद्धा सोडला नाही.

गावानंही ही रीत अंगवळणी पाडून घेतली. पेशंट गुरांच्या मालकाला बाबा कधी बरोबर घेत, मी शाळेत असले की. तो पुढे बसायचा, आणि दुसऱ्यावरून तिसरा पडला की न सांगता हात पुढे करायचा. सरपंचानं धरलाय, शाळेच्या गुरुजींनी धरलाय. एकदा गाडी लग्नाला दिली होती, तर नवरदेव मुंडावळ्या बांधून एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात तिसरा गिअर घेऊन सासरच्या दारात उतरला. याचं पुढे असं झालं की आमच्या गावचा माणूस दुसऱ्या कुणाच्या गाडीत पुढे बसला तरी त्याचा हात आपोआप दांड्यावर जायचा. गोंदियाच्या टॅक्सीवाल्यांनी यावरून आमच्या गावच्या लोकांना किती शिव्या दिल्या असतील, देव जाणे. "हात हटाओ ना भाई!" तर आमचा माणूस काकुळतीनं म्हणायचा, "अजी, सुटल ना!"

घरी मात्र माझ्या या नोकरीवरून रोजची कटकट. माय पहाटे उठून चूल पेटवायची. लाखोरीची डाळ, भात, वांग्यात सुकी मासोळी, आणि दोघांच्या डब्यात आंबाडीची चटणी. डबा बांधता बांधता तिचं तोंड चालायचं आणि डब्याची गाठ जितकी घट्ट, तितका तिचा राग मोठा. "पोरीच्या जातीनं गाईच्या बाळंतपणात कायले उभं राहाचं? लोकं काय म्हनून राहिले, ऐकून राहिले का अजी?" बाबा चपला घालत असायचे. ते नेहमी एकच उत्तर द्यायचे.

"मंग तिसरा कोन धरल?"

बस. माय डबे माझ्या हातात ठेवायची. मी धावत जाऊन पुढे बसायचे. त्या सीटवर बसून मी काय काय शिकले याची यादी मी देणार नाही, पण इतर मुली रांगोळीचे ठिपके मोजायच्या त्या वयात मला बैलाच्या पोटावर कान ठेवून कळायचं, आत गुडगुड आहे की नाही. बाबा शिकवतोय असं म्हणायचे नाहीत. नुसतं "हे धर", "इथं पाहा", "हात धू" एवढंच. शाळेत विज्ञानाच्या बाईंनी हृदयाचे कप्पे फळ्यावर काढले, तेव्हा मी घरचंच कुणी भेटल्यासारखी पाहत होते. मला गुरांचं डॉक्टर व्हायचंय हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची सोय नव्हती. जोवर तिसरा सुटत होता तोवर मी त्या गाडीत होते, एवढंच मला ठाऊक होतं.

मी सतराची झाले आणि माय निकरावर आली. चुलीपुढे बसून, उलथनं हातात धरून, तिनं बाबांना सांगितलं, "या उन्हाळ्यात तो गिअर नीट करा. झाला नीट, का शकू घरी राहील. सोबतीले मनोहर येईल." मनोहर तेव्हा भात कालवत होता, त्याचा हात तिथंच थांबला. गाडीचं नाव काढलं तरी त्याच्या पोटात ढवळायचं. मी बाबांकडे पाहिलं. आता ते म्हणतील, तिसरा कोन धरल. पण तिनं तर तिसऱ्याचाच काटा काढला होता. बाबा म्हणाले, "करतो." मग पाणी प्यायले आणि पुन्हा म्हणाले, "करू ना. घाई काय आहे?" त्या दिवसापासून मी रोज देवाला हात जोडून एका गिअरबॉक्सचं दुखणं मागत होते. असं मागणं त्याच्याकडे याआधी कुणी केलं नसावं, कारण त्यानं ते जरा जास्तच मनावर घेतलं.

दरेकशाच्या जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे चार-दोन घरांच्या पाड्यावर, सोमाजी म्हणून बाबांचा जुना ओळखीचा माणूस होता. त्याची गाय पहिलारू, आदल्या रात्रीपासून अडलेली. सकाळीच निरोप आला आणि आम्ही निघालो. मोहाचे दिवस संपत आलेले, रस्त्यावर झाडाखाली पाचोळा जाळलेला, त्याचा धूर गाडीत. दरेकशाच्या अलीकडे चढ लागतो. बाबांनी तिसरा टाकला, मी दाबून धरला. त्या दिवशी दांडा हाताखाली थरथरत होता, खालून नेहमीचा सूर नव्हता, कुणी दाताखाली खडे खातंय असा आवाज येत होता. मी दुसरा हात लावला. मग सीटवर आडवी होऊन पाय लावला. "दाब बाई, दाब!" बाबा म्हणाले. मी दाबला. खळ्ळ असं काहीतरी आत तुटलं आणि दांडा एकदम ढिला पडला, वाटेल तिकडे फिरायला लागला. बाबांनी पहिला टाकून पाहिला, दुसरा, चौथा. सगळीकडे सारखंच, काहीच नाही. गाडी चढावर थांबली आणि मागे सरकायला लागली. मी खाली उडी मारून चाकामागे दगड लावला. बाबा दांडा हातात धरून तसेच बसून होते. "गेला," म्हणाले. मला वाटलं, मीच मारला.

पण गाय अडली होती, तिथं रडायला वेळ कुणाला होता. दोरी, साबण, बाटली घेऊन आम्ही चालत टोल्यावर पोचलो. गाय खाली बसलेली, डोळे वर गेलेले, सोमाजीची बायको तिच्या डोक्याशी काहीतरी पुटपुटत होती. बाबांनी बाही वर करून हात घातला आणि थोड्या वेळानं काढला. वासराचा एक पाय मागे दुमडलेला, आणि गाय लहान चणीची, त्यांचा पंजा आत वळत नव्हता. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, घामाघूम झाले, आणि मग माझ्याकडे नव्हे, माझ्या हाताकडे पाहिलं. "बाई, बाही वर कर." सोमाजी म्हणाला, "डॉक्टर, पोरगी आहे जी." बाबा म्हणाले, "अकरा वर्षं झाले, गिअर धरून राहिली. हात पाहा तिचा." मी कोपरापर्यंत साबण लावला. आत हात घातल्यावर पहिल्यांदा काहीच कळेना, मग एक मऊ खूर बोटांना लागला. "खूर मुठीत झाक, का आतून फाटल नाई. आता मांगं ढकल, मंग वर." बाबा गायीच्या शेपटीशी उभे राहून सांगत होते, अगदी रस्ता सांगावा तसं. गाय कळ देई तेव्हा माझा हात चेंगरून निघायचा, ती थांबली की मी ढकलायचे. कितीदा झालं माहीत नाही. मग पाय एकदम सुटा होऊन माझ्याबरोबर पुढे आला, आणि दोरी लावून बाबांनी आणि सोमाजीनं ओढलं. ओलं, तांबूस, भलं मोठं वासरू पालापाचोळ्यात पडलं आणि शिंकलं. मी तिथंच खाली बसले आणि भोकाड पसरून रडले. आनंदानं रडले, लाज कसली.

सोमाजीनं गाडीसाठी त्याची बैलजोडी दिली. जू गाडीच्या बंपरला दोरानं बांधलं आणि बाबा म्हणाले, "तू स्टिअरिंगवर बस. मी बैलाजवळ चालतो." अशी मी आयुष्यात पहिल्यांदा गाडी चालवली, दोन बैलांच्या ताकदीनं, दरेकशाच्या स्टेशनपर्यंत. स्टेशनावरचे लोक हसून हसून बेजार. एकानं विचारलं, "काऊन गा डॉक्टर, पेट्रोलले वैरण चालते का?" बाबा म्हणाले, "चालते ना, पन शेन लय होते." मी मात्र राणीसारखी बसले होते आणि सवयीनं एक हात त्या मेलेल्या दांड्यावर होता. स्टेशनवरून एका बांबूच्या ट्रकवाल्यानं गाडी दोर लावून गोंदियाला नेली आणि आम्ही पॅसेंजरनं घरी आलो.

घरी माय दारात. गाडी कुठे, हे विचारायच्या आधी तिनं माझ्या फ्रॉकवरचं रक्त पाहिलं. बाबांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, खाली ठेवला आणि म्हणाले, "आज वासरू इनं फिरवलं. मले जमलं नाई." मायनं मला न्हाणीत नेलं, कोपरापासून बोटांपर्यंत गरम पाण्यानं हात चोळून धुतला, आणि त्या हाताला सूज आली होती तिथं हळद लावली. रात्री ताटात तिनं मला मासोळीचे मोठे तुकडे वाढले. पण झोपताना बाबांना म्हणालीच, "आता गिअर तं नीट करनंच आलं ना?" बाबांनी कूस बदलली.

गोंदियात कुडव्याच्या रस्त्यावर चिंचेखाली लतीफ मिस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार खांब, पत्रा आणि गाडीखाली झोपण्यासाठी एक गोणपाट. आज मी त्याच कुडव्यात राहते, माझ्या घरापासून ती जागा दोन गल्ल्या पलीकडे. आता तिथं मोबाईलची दुकानं झालीत, चिंच गेली, पण मी भाजी आणायला जाते तेव्हा त्या कोपऱ्यावर मला अजून गिअर ऑइलचा वास येतो. मिस्त्री बारीक, पांढऱ्या दाढीचे, आणि तोंडात पान असल्यामुळे मान वर करून बोलायचे. आम्ही सकाळच्या पॅसेंजरनं जायचो आणि संध्याकाळी परत यायचो. पहिल्या दिवशी त्यांनी गिअरबॉक्स खाली उतरवला. मी बाजूला उकिडवी बसून होते. बाबांनी कधी नव्हे ते वर्तमानपत्र विकत घेतलं आणि समोरच्या टपरीवर चहा आणि आलूबोंडा घेऊन दुसरीकडे तोंड करून बसले. मला वाटलं, त्यांना बघवत नाही. गुराचं पोट फाडताना न डगमगणारा माणूस, पण स्वतःच्या गाडीचं पाहवेना.

मिस्त्रींनी झाकण उघडलं, काळं तेल तसराळ्यात सोडलं. तेलात चमचम करत होता तो लोखंडाचा कीस. मग एकेक गरारी, म्हणजे दातेरी चाक, काढून गोणपाटावर मांडली. तिसऱ्याचे दात आधी टोकदार असायचे म्हणे, आता म्हाताऱ्याच्या दाढांसारखे गोल झालेले, दोन तुटलेले. मग त्यांनी एक दोन बोटांचा लोखंडी तुकडा काढून माझ्या हातात दिला. त्याला फोर्क म्हणतात. दांडा हलवला की हाच आत गरारीला इकडून तिकडे सरकवतो. त्याचं एक बोट जाड होतं आणि दुसरं पाटीच्या पेन्सिलीएवढं बारीक होऊन तुटलेलं.

"देख बिटिया, ये तेरे हाथ का कमाल है," मिस्त्री म्हणाले. "डंडा पकड़ के दबाओगे, तो फोर्क घूमती गरारी पे घिसेगा। ग्यारह साल घिसा है। बाप रे, ताकत है तेरे में!"

ते हसत होते, मी मात्र तो तुकडा हातातून खाली ठेवला. म्हणजे मी गाडी वाचवत नव्हते, रोज थोडी थोडी मारत होते! दोन्ही हातांनी, पाय लावून, मन लावून. मी म्हणाले, "चाचा, मी नसता धरला तर सुटला असता ना?"

"सुटला असता. तो मेरे पास ले आते." मिस्त्रींनी पान थुंकलं आणि तोंड मोकळं करून नीट बोलले. "बेटा, तिसरा कशानं सुटत होता, माहीत आहे का? आत एक स्प्रिंग असते आणि एक गोली. स्प्रिंग थक गई, बस. गोळी दांड्याला धरून ठेवत नव्हती. दोन घंट्याचं काम. मैंने तो डॉक्टर साब को तभी बोला था, तू इत्ती सी थी। आणलं होतं त्यांनी तुला, खांद्यावर बसवून. मी म्हटलं, अभी डाल देता हूँ. तर म्हणाले, अगली बार. पुढच्या वेळी आले, तेव्हाही अगली बार. शेवटी मी चिडून स्प्रिंग आणि गोली डबीत घालून त्यांच्या हातातच दिली, की घ्या, जिथं मन होईल तिथं टाकून घ्या. पता नहीं कहाँ फेंक दी."

मी उठले. गाडी लाकडी ओंडक्यांवर उभी होती. तिचं दार उघडून समोरच्या खणातून तंबाखूची डबी काढली. उघडली. स्प्रिंग होती. गोळी होती. लहानपणी घोळवून घोळवून मी ती आणखीच चकचकीत केली होती. अकरा वर्षं गाडीचं औषध माझ्या गुडघ्यासमोर एका खणात पडून होतं, आणि बाबांनी ते तिला दिलं नाही. रोज सकाळी चपला घालताना ते मायला विचारत होते, तिसरा कोन धरल, आणि रोज त्यांच्या खणात त्याचं उत्तर होतं. मी टपरीकडे पाहिलं. बाबा वर्तमानपत्र वाचत होते. उलटं नव्हतं धरलं, एवढा खोटेपणा त्यांना जमायचा. पण पान मात्र मघापासून तेच होतं. मला इतकं भरून आलं की मी डबी मुठीत धरून गाडीच्या आड उभी राहिले आणि फ्रॉकला डोळे पुसले. मग डबी होती तशी खणात ठेवली. बाबांना काही विचारलं नाही. त्यांनीही आयुष्यभर काही सांगितलं नाही. आमच्याकडे माणसं असल्या गोष्टी बोलून दाखवत नाहीत, बोलायला गेलं तर दोघांचीही पंचाईत होते.

रायपूरहून गरारी आणि फोर्क यायला चार दिवस लागले. बसवून झाल्यावर मिस्त्रींनी चक्कर मारून आणली, किल्ली बाबांना दिली आणि मला बोट दाखवून बजावलं, "डंडे पे हाथ नहीं रखना! टेकवायचा पण नाही. फिर घिसेगा." आम्ही निघालो. गाडीतून तो जुना सूर गेला होता. बाबांनी तिसरा टाकला. मी हात मांडीखाली दाबून बसले. तिसरा राहिला. खड्डा आला, राहिला. उतार आला, बाबांनी पाय काढला, तरी राहिला मेला. इतकी शांत गाडी मला कधी आवडली नाही. मी खिडकीतून धानाच्या कापून मोकळ्या झालेल्या बांध्या पाहत होते आणि मनाशी म्हणत होते, शकू, संपली तुझी डॉक्टरकी. उद्यापासून पोळपाट. गाव दिसायला लागलं, तळ्याची पाळ आली, तेव्हा बाबांनी गाडी हळू केली, दुसरा टाकला आणि घसा खाकरून स्वतःशीच म्हणाले, "हं."

माय अंगणात तांदूळ पाखडत होती, मनोहर तिच्या बाजूला, चेहरा आधीच पिवळा. "झाली का नीट?" मायनं विचारलं.

"झाली. तिसरा पक्का बसला," बाबा म्हणाले.

"मंग उद्यापासून मनोहर..."

"पन आता दुसरा सुटून राहिला." बाबांनी चपला काढल्या, एकीशेजारी एक नीट ठेवल्या. इतक्या नीट ते कधी ठेवत नसत. "जुन्या गाडीचं असंच राहते. एक बसवा, का दुसरा निघते. धरा लागल त्याले."

सूप थांबलं. मायनं बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तोंड पाडून उभी राहायचा प्रयत्न करत होते आणि ते जमत नव्हतं. मनोहरनं मात्र जाऊन बाबांचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले होते. माय म्हणाली, "बरं," आणि सूप पुन्हा सुरू झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन डबे होते. गाठ सैल होती.

त्यानंतरचा रविवार असावा. मायच्या माहेरी काही कार्य होतं, म्हणून ती गाडीत बसली, मागे, मांडीवर पाहुण्यांकडे न्यायच्या मुर्ऱ्याची, म्हणजे चुरमुऱ्यांची, पिशवी. मी पुढे. बाबांनी दुसरा टाकला आणि माझी पंचाईत झाली, कारण माय मागून पाहत होती आणि दुसरा काही केल्या सुटणार नव्हता. मी घाईघाईनं हात पुढे केला. दुसरा मागे ओढून धरावा लागतो, तर तसा ओढल्याचा आव आणला, दात खाल्ले, खांदा वाकडा केला. मिस्त्रींचं बजावणं मी घरी येऊन सांगून बसले होते, ते आठवून हात मात्र दांड्यापासून चार बोटं वर ठेवला. नुसताच हवेत. बाबा समोर पाहत होते, त्यांचे कान लाल झाले होते. गाडी खड्ड्यातून गेली, उसळली. दुसरा जागचा हलला नाही.

माय मागून पुढे वाकली. माझ्या हाताखालून त्या दांड्याकडे तिनं चांगलं निरखून पाहिलं. मग माझ्या हवेतल्या हाताकडे. मला वाटलं, आता फुटलं बिंग.

"धर वो बाई, नीट धर," माय म्हणाली. "पन हात टेकवजो नोको. थे मिस्त्री म्हणे, घासते."

आणि मागे टेकून तिनं मुर्ऱ्याची पिशवी सोडली, पहिली मूठ माझ्या मोकळ्या हातात दिली.